मुंग्या गेल्या, चित्रही गेले

८ सप्टेंबर २००८ ची दुपार. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टन या समुद्रकाठच्या शहरात एक छोटासा समारंभ भरला होता. बाराचा ठोका पडला, समारंभासाठी मुद्दाम उभारलेला एक भलामोठा खटका ओढण्यात आला आणि शहरातील व्यापारी दूरचित्रवाणी केंद्रांनी आपले जुन्या पद्धतीचे, म्हणजे ॲनालॉग, प्रक्षेपण थांबवले. जुन्या वाहिन्यांवर पुढचे काही दिवस फक्त एक सूचना दिसत राहिली. कार्यक्रम आता केवळ डिजिटल लहरींवरून मिळणार होते. सबंध देशाने हा बदल १७ फेब्रुवारी २००९ रोजी करायचा असे ठरले होते. त्याआधी एका शहरात तालीम करून पाहावी म्हणून विल्मिंग्टनची निवड झाली होती.

तयारी कमी नव्हती. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाची माणसे कित्येक आठवडे आधीपासून तेथे ठाण मांडून होती. या भागात केवळ अँटेनावर विसंबून असलेली घरे सुमारे १४ हजार होती. त्यांच्यासाठी सरकारने ४० डॉलरची कूपने काढली होती, दर घरी दोन. ती दाखवली की जुन्या संचाला जोडायचा रूपांतरक डबा स्वस्तात मिळे. बदल होणार हे बहुतेकांना ठाऊक होते. तरीही खटका ओढल्यावर आयोगाचे फोन खणखणू लागले. त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: ‘डबा आणला, सांगितल्याप्रमाणे जोडला, इतर काही केंद्रे दिसतात; पण आमचे सहा क्रमांकाचे केंद्र गेले ते गेलेच.’

ही केवळ करमणूक बुडाल्याची तक्रार नव्हती. दोनच दिवसांपूर्वी, ६ सप्टेंबरला, ‘हॅना’ हे वादळ याच किनाऱ्यावर धडकले होते. या टापूत सप्टेंबर महिना वादळांचाच असतो आणि वादळाची खबर लोक स्थानिक केंद्रावर पाहतात. ज्यांना केबलचे मासिक शुल्क परवडत नाही, जे म्हातारे आहेत, जे शहरापासून दूर राहतात, तीच माणसे अँटेनावर जास्त अवलंबून असतात. केंद्र गेले ते नेमके त्यांचे.

संच तोच, छपरावरची अँटेना तीच, तिची दिशाही तीच. काल दिसत होते ते आज का दिसू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दूरचित्रवाणीच्या इतिहासातील तीन धागे उलगडावे लागतात. जुने चित्र कसे बिघडे, अँटेनाची लांबी कशावरून ठरते आणि आकड्यांत बांधलेले चित्र कसे कोसळते, हे ते तीन धागे. आम्ही येथे ते एकेक करून पाहणार आहोत.

बोलका बिघाड

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यातही दिसू लागले. तेव्हापासून पुढची वीस-पंचवीस वर्षे मराठी घरांतून एक कवायत चाले. एकजण कौलांवर किंवा गच्चीवर अँटेनाचा खांब धरून उभा, दुसरा संचासमोर आणि निरोप पोचवणारा तिसरा जिन्यात. ‘आलं?’ ‘मुंग्या आहेत!’ ‘आता?’ ‘डबल दिसतंय!’ या कवायतीत भौतिकशास्त्र होते, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नसे.

ॲनालॉग पद्धतीत पडद्यावरच्या प्रत्येक ठिकाणचा उजेड-अंधार थेट लहरीच्या कमी-जास्त शक्तीत उतरवलेला असे. त्यामुळे वाटेत लहरीला जे जे होई, ते ते चित्रातही उमटे. लहर क्षीण झाली की संचातील इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे होणारी हालचाल तिच्या तोडीस तोड ठरू लागे. ही हालचाल म्हणजे विद्युतमंडळातील खरखर. तिचा अभ्यास जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत केला आणि १९२८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पडद्यावर वळवळणाऱ्या मुंग्या म्हणजे दृश्यरूपातली ही खरखरच. मुंग्या वाढल्या, तर लहर कमी पडते आहे. जवळून स्कूटर गेली आणि पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा उमटल्या, तर ठिणगीची बाधा आहे. तिरके पट्टे सरकू लागले, तर दुसरे एखादे प्रक्षेपण घुसते आहे.

सर्वांत बोलका दोष म्हणजे दुहेरी चित्र. प्रक्षेपकाकडून निघालेली लहर थेट येते, तशीच एखाद्या डोंगरावर किंवा इमारतीवर आपटूनही येते. दुसरीची वाट लांबची, म्हणून तिला उशीर होतो. चित्राची प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे रेखली जाते. साहजिकच उशिरा आलेले चित्र किंचित उजवीकडे, सावलीसारखे उमटते. आता एक गणित करून पाहू. आपल्या पद्धतीत ओळीचा दिसणारा भाग रेखायला ५२ मायक्रोसेकंद लागत. वीस इंची संचाचा पडदा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद. सावली मूळ चित्राच्या १.५ सेंटिमीटर उजवीकडे असेल, तर उशीर झाला ५२ × १.५ ÷ ४०, म्हणजे जवळजवळ २ मायक्रोसेकंद. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे आपटून आलेल्या लहरीची वाट सुमारे ६०० मीटरने लांब होती. साधी फूटपट्टी पडद्याला लावून गावाबाहेरच्या डोंगराचा माग काढता यावा, इतके ते चित्र बोलके होते.

बिघाडाचे नाव पडद्यावरच लिहिलेले असे, म्हणून शास्त्र न शिकलेला माणूसही दुरुस्ती करू शके. अँटेना चार बोटे फिरवली की मुंग्या कमी झाल्या की वाढल्या हे तत्क्षणी कळे. चूक आणि सुधारणा यांच्यात वेळ जात नसे. घरोघरच्या या कौशल्याला कुणी विद्या म्हटले नाही, पण ती विद्याच होती.

सेंदाईच्या काड्या

त्या खांबावरच्या आडव्या काड्यांचा जन्म जपानमधला. सेंदाई येथील तोहोकू शाही विद्यापीठात प्राध्यापक हिदेत्सुगू यागी आणि त्यांचे तरुण सहकारी शिंतारो उदा यांनी १९२६ मध्ये ही रचना मांडली. एक काडी तारेला जोडलेली; तिच्या मागे किंचित लांब काडी आणि पुढे किंचित आखूड काड्या, ज्यांना तार जोडलेलीच नाही. मागची काडी परावर्तक होते, पुढच्या काड्या लहरीला वाट दाखवतात आणि एका बाजूने येणारी लहर अधिक जोमाने पकडली जाते. यागींनी १९२८ मध्ये अमेरिकी नियतकालिकात इंग्रजी लेख लिहिला आणि जगाने अँटेनाला त्यांचेच नाव दिले. प्रयोगांचा मोठा भार उदांनी उचलला होता, म्हणून आज जाणकार ‘यागी-उदा’ असे जोडनाव घेतात. जपानी सैन्याने मात्र या शोधाची फारशी दखल घेतली नव्हती. १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर ब्रिटिशांच्या रडारविषयक टिपणात ‘यागी’ हा शब्द सापडला, तेव्हा तो एका जपानी माणसाच्या नावावरून आला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, असे सांगतात. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उदा युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काही वर्षे होते. आपल्या छपरांवर त्यांच्या काड्या लागायला तेव्हा अवकाश होता.

आपल्या प्रश्नासाठी या अँटेनाचा एकच गुण महत्त्वाचा आहे. मुख्य काडीची लांबी लहरीच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी असावी लागते. सतारीची तार जशी तिच्या लांबीनुसार एका स्वराला साद देते, तशी काडी आपल्या लांबीनुसार ठरावीक वारंवारतेला साद देते. अमेरिकेत ६ क्रमांकाचा पट्टा ८२ ते ८८ मेगाहर्ट्झचा आहे. ३०० ला ८५ ने भागले की तरंगलांबी येते सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे काडी हवी पावणेदोन मीटरची. ४४ क्रमांकाचा पट्टा होता ६५० ते ६५६ मेगाहर्ट्झचा. तेथे तरंगलांबी ४६ सेंटिमीटर आणि काडी अवघी २३ सेंटिमीटर. पहिला पट्टा व्हीएचएफ गटातला, दुसरा यूएचएफ गटातला. एकासाठी बांधलेली अँटेना दुसऱ्यासाठी फारशी उपयोगाची नाही. हे दोन आकडे, ६ आणि ४४, आम्ही उगाच निवडलेले नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

उताराऐवजी कडा

डिजिटल पद्धतीत चित्राचे आधी आकडे केले जातात आणि ते आकडे लहरीवर चढवले जातात. वाटेत थोडे आकडे बिघडणारच, हे गृहीत धरून त्यांच्यासोबत तपासणीचे काही जादा आकडे पाठवले जातात. ही युक्ती आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडली. अमेरिकी डिजिटल दूरचित्रवाणीत प्रत्येक पुडक्यात १८७ बाइट माहितीचे आणि २० बाइट तपासणीचे असतात. त्यांच्या आधारे संच पुडक्यातील १० बिघडलेल्या बाइटपर्यंत चुका स्वतः शोधून दुरुस्त करतो. दुरुस्ती अर्धवट नसते, अगदी मुळाबरहुकूम असते. पण चुका ११ झाल्या की तो पुडका दुरुस्त होत नाही.

शिक्षकांच्या भाषेत सांगायचे, तर दहा चुकांपर्यंत शंभरपैकी शंभर गुण आणि अकरावी चूक होताच उत्तरपत्रिका रद्द. शिवाय माहितीची बचत करण्यासाठी बरीचशी चित्रे ‘मागच्या चित्रापेक्षा काय बदलले’ एवढ्याच स्वरूपात पाठवलेली असतात. त्यामुळे एक पुडका हरवला की त्याच्यावर बेतलेली पुढची चित्रेही बिघडतात. पडद्यावर चौकोन पडतात, माणसाचा चेहरा अर्ध्यावर गोठतो, आवाज तुटतो आणि शेवटी काळोख होतो.

अमेरिकी पद्धतीत लहरीची शक्ती खरखरीच्या सुमारे तीसपट असेपर्यंत चित्र निर्दोष असते. एवढ्या शक्तीत ॲनालॉग चित्र मुंग्यांनी भरून गेलेले असे. म्हणजे डिजिटल पद्धत दुबळी नाही; जेथे जुने चित्र पाहवत नसे, तेथेही ती स्वच्छ चित्र देते. पण त्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे फार थोडे अंतर आहे. सीमेवर असताना शक्ती पाचव्या हिश्शाने घटली, तरी चित्र जाते. ॲनालॉग चित्र घाटाच्या वाटेसारखे वळणावळणाने खाली उतरे. डिजिटल चित्र कोकणकड्याच्या पठारावरून चालते. पायाखालची जमीन सपाट असते आणि कडा आला हे पाय घसरल्यावरच कळते.

खरी अडचण येथे आहे. पठारावर आपण कड्यापासून किती दूर आहोत, म्हणजे हाताशी किती शक्ती शिल्लक आहे, हे चित्र सांगत नाही. भरपूर शिल्लक असलेले चित्र आणि काठावरचे चित्र डोळ्यांना सारखेच दिसते. प्रतिध्वनी, ठिणग्या, क्षीण लहर हे जुने दोष हवेत होते तसेच आहेत. फक्त त्यांची नावे पडद्यावर लिहिली जात नाहीत. कारण कोणतेही असो, शेवट एकच: चौकोन आणि काळोख.

सहा क्रमांक दिसतो, पण तो सहा नव्हे

आता विल्मिंग्टनकडे वळू. सहा क्रमांकाचे केंद्र म्हणजे डब्ल्यूईसीटी. त्याचा ॲनालॉग प्रक्षेपण मनोरा शहरापासून बराच आत, ब्लेडन परगण्यात उभा होता. उंची सुमारे ५८० मीटर. व्हीएचएफच्या तळाच्या पट्ट्यातील साडेतीन मीटरची लहर टेकड्या आणि झाडी यांना वळसा घालून क्षितिजापलीकडेही बऱ्यापैकी पोचते. त्यामुळे विल्मिंग्टनच्या अधिकृत टापूबाहेरच्या गावांतूनही लोक हे केंद्र वर्षानुवर्षे पाहत आले होते. चित्रात थोड्या मुंग्या असतील, पण बातम्या आणि वादळाचा नकाशा कळत होता.

डिजिटल प्रक्षेपण मात्र त्या मनोऱ्यावरून नव्हते. ते विल्मिंग्टनच्या जवळ, विनाबो येथून होत होते. आणि तेही ४४ व्या पट्ट्यावर. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. मनोऱ्याची जागा बदलल्यामुळे दिशा आणि अंतर बदलले. पट्टा बदलल्यामुळे काडीची लांबी बदलली आणि लहरीचा अडथळ्यांना वळसा घालण्याचा गुणही कमी झाला. आतल्या गावांतील घरे नव्या मनोऱ्याच्या आवाक्याबाहेर पडली. आवाक्यातली काही घरे जुनी लांब काड्यांची अँटेना जुन्या दिशेला धरून बसली होती.

त्यातच एक फसवी सोय होती. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून डिजिटल संच केंद्राचा जुनाच क्रमांक दाखवतो. लहर ४४ व्या पट्ट्यावरून आली तरी पडद्यावर लिहिलेले असे ६.१. प्रेक्षकाच्या दृष्टीने केंद्र सहावरच होते. मग अँटेना बदलायची गरज त्याच्या ध्यानात कशी यावी? आणि आली तरी सरकारी कूपनावर डबा मिळे, अँटेना मिळत नसे.

विल्मिंग्टनची तालीम त्या अर्थाने उपयोगी पडली. कुणाकडे डबा आहे आणि कुणाला तारीख माहीत आहे, याची मोजदाद आधी झाली होती. लहर कुणाच्या छपरापर्यंत पोचते, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. तो ब्लेडनचा मनोरा पुढे २०१२ मध्ये पाडण्यात आला.

इशारे आधीच मिळाले होते

विल्मिंग्टनच्या दहा वर्षे आधी ब्रिटनमध्ये हाच धडा वेगळ्या तऱ्हेने मिळाला होता. १५ नोव्हेंबर १९९८ रोजी तेथे ‘ऑनडिजिटल’ ही अँटेनावरून पैसे घेऊन वाहिन्या देणारी सेवा सुरू झाली. जुने ॲनालॉग प्रक्षेपण चालू असल्यामुळे डिजिटल प्रक्षेपकांची शक्ती कमी ठेवावी लागली होती. शिवाय जास्त वाहिन्या बसवण्यासाठी लहरीवर आकडे दाटीने भरले होते. पुष्कळ घरांत चित्र गोठू लागले. ही सेवा २००२ मध्ये बुडाली. फुटबॉलच्या हक्कांसाठी मोजलेली अवाढव्य रक्कम हे त्याचे मोठे कारण होते, पण ग्रहणाच्या तक्रारींनीही तिची पत घालवली होती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तिच्या जागी ‘फ्रीव्ह्यू’ ही मोफत सेवा आली. तिने दोन गोष्टी केल्या. प्रक्षेपकांची शक्ती वाढवली आणि अनेक पट्ट्यांवर दर वेळी सहा बिटांऐवजी चारच बिटे पाठवायला सुरुवात केली. वाहिन्या कमी बसल्या, पण कडा दूर सरकला. वर्गात भरभर शिकवून अर्ध्या मुलांना काहीच न कळण्यापेक्षा थोडे सावकाश शिकवावे, तसेच हे.

अमेरिकेतही १९९९ मध्ये सिंक्लेअर या प्रक्षेपण कंपनीने बॉल्टिमोर येथे प्रात्यक्षिके करून दाखवले की घरातल्या साध्या अँटेनावर अमेरिकी पद्धत प्रतिध्वनींपुढे अडखळते आणि युरोपी पद्धत तग धरते. युरोपी पद्धतीत आकडे हजारो बारीक उपलहरींवर वाटलेले असतात आणि दोन गटांमध्ये थोडा मोकळा अवधी ठेवलेला असतो. उशिरा आलेला प्रतिध्वनी त्या अवधीतच विरून जातो. आयोगाने २००० मध्ये सिंक्लेअरची मागणी फेटाळली. पुढच्या पिढ्यांच्या संचांत प्रतिध्वनी काढून टाकणारी मंडले बरीच सुधारली हे खरे, पण पहिल्या संचांच्या ग्राहकांना तो त्रास भोगावा लागला.

राष्ट्रीय बदलाची तारीख कूपनांचा पैसा अपुरा पडल्यामुळे १२ जून २००९ पर्यंत पुढे गेली. त्या एका दिवसात आयोगाच्या मदत क्रमांकावर तीन लाखांहून अधिक फोन आले. फिलाडेल्फियाचे डब्ल्यूपीव्हीआय हे केंद्र विल्मिंग्टनच्या नेमके उलट वागले. ते तोवर यूएचएफवर असलेले आपले डिजिटल प्रक्षेपण त्या दिवशी पुन्हा ६ व्या पट्ट्यावर घेऊन आले. ज्यांनी डिजिटलसाठी म्हणून आखूड काड्यांची किंवा छोट्या कड्याची घरगुती अँटेना घेतली होती, त्यांचे चित्र गेले. घरातल्या मोटारी आणि इतर विद्युत उपकरणांची बाधाही या तळाच्या पट्ट्यात अधिक असते. शेवटी केंद्राला शक्ती वाढवण्याची परवानगी देण्यात आली. शिकागोत डब्ल्यूएलएस हे केंद्र ७ व्या पट्ट्यावर आले आणि तशाच तक्रारींनंतर त्याला ४४ व्या पट्ट्यावर जावे लागले.

मुक्या बिघाडाची उलटतपासणी

चित्र बोलत नसेल, तर त्याला प्रश्न विचारावे लागतात. त्या काळात घरोघरी आणि दुरुस्तीच्या दुकानांतून जी रीत रुळली, ती प्रयोगशाळेच्या रीतीहून वेगळी नाही.

पहिला प्रश्न: एकच केंद्र जाते की सगळी? सगळी जात असतील, तर दोष आपल्या घरात असण्याचा संभव जास्त. तुटलेली किंवा पाणी शिरलेली केबल, गंजलेला जोड, बंद पडलेला बूस्टर यांपैकी काहीतरी असेल. एकच जात असेल, तर त्या केंद्राचा खरा पट्टा कोणता, मनोरा कोठे आणि आपली अँटेना त्या पट्ट्याची आहे का, हे पाहावे. पडद्यावरच्या क्रमांकावर विश्वास ठेवू नये.

दुसरा प्रश्न: केव्हा जाते? वारा सुटला की जात असेल, तर हलणारा खांब, सैल जोड किंवा वाटेतली झाडे. पावसानंतर जात असेल, तर केबलमधले पाणी. ठरावीक वेळी जात असेल, तर घरात किंवा शेजारी त्या वेळी चालू होणारे एखादे उपकरण. वेळेची नोंद ठेवल्याशिवाय हे उलगडत नाही.

तिसरा प्रश्न: संचातील दोन आकडे काय सांगतात? बहुतेक डिजिटल संच ‘शक्ती’ आणि ‘दर्जा’ असे दोन पट्टे दाखवतात. दोन्ही कमी असतील, तर लहरच अपुरी आहे. अँटेना उंच करावी किंवा बदलावी. शक्ती भरपूर आणि दर्जा कमी असेल, तर लहर पोचते आहे पण मळलेली आहे. प्रतिध्वनी असेल, बाधा असेल किंवा मनोऱ्याजवळच्या घरात बूस्टर लावल्यामुळे संच गुदमरला असेल. अशा वेळी आणखी एक बूस्टर लावणे म्हणजे आगीत तेल. बूस्टर लहरीबरोबर खरखरही वाढवतो. तो लावायचाच तर अँटेनाजवळ, लांब केबलमध्ये लहर झिजण्याआधी लावावा. संचामागे लावून गेलेली लहर परत येत नाही.

चौथा प्रश्न साखळी निम्मी करण्याचा. अँटेना, जोड, केबल, विभाजक, संच अशी ही साखळी असते. विभाजक काढून एका आखूड, चांगल्या केबलने अँटेना थेट संचाला जोडावी. चित्र आले, तर दोष काढलेल्या भागात. नाही आले, तर उरलेल्या भागात. दोन संचांसाठी विभाजक लावला की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून कमी शक्ती येते. ॲनालॉगमध्ये त्यामुळे थोड्या मुंग्या वाढत. काठावरच्या डिजिटल चित्राचा त्याने कडेलोट होतो.

या सगळ्यात एक पथ्य पाळायचे: एका वेळी एकच बदल. आणि बदल केल्यावर थांबायचे. डिजिटल संचाला लहर ओळखून चित्र उभे करायला काही सेकंद लागतात. जुन्या सवयीने अँटेना सावकाश फिरवत राहिले, तर योग्य दिशा निघून जाते आणि चित्र कधी येतच नाही. थोडी फिरवावी, चार-पाच सेकंद थांबावे, आकडा लिहावा, मग पुन्हा फिरवावी. केंद्रांचा नव्याने शोध घेण्याचे बटण शेवटी दाबावे. केंद्राचा पट्टा बदलला असेल तर त्यावाचून ते सापडत नाही. पण अँटेना नीट नसताना दाबले, तर कित्येक संच होती ती केंद्रेही यादीतून पुसून टाकतात.

आपल्या पावसाळ्यातला कडा

आपल्याकडे दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबाद धरून काही शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केल्याचे जाहीर केले आणि २०२२ पर्यंत देशातील बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले. तोवर बहुतेक घरे केबल आणि डिश यांच्याकडे वळली होती. त्यामुळे विल्मिंग्टनसारखा प्रसंग आपल्यावर आला नाही. पण तो कडा आपण दर पावसाळ्यात पाहतो. दूरदर्शनची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. अशा घरगुती डिशवर येणाऱ्या लहरींची तरंगलांबी अवघी अडीच-पावणेतीन सेंटिमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. रिमझिम चालू असते तोवर चित्र लख्ख असते. सर कोसळली की एकाएकी चौकोन पडतात आणि सर ओसरली की चित्र जणू काही झालेच नाही असे परत येते.

हा प्रयोग शाळेत किंवा विद्यार्थ्यांच्या घरी सहज करता येईल. डिशच्या डब्यातील मांडणीच्या यादीत ‘शक्ती’ आणि ‘दर्जा’ यांचे पट्टे सापडतात. पावसाच्या दिवशी दर दोन मिनिटांनी दर्जाचा आकडा वहीत लिहावा. शेजारी चित्राला गुण द्यावेत: निर्दोष असेल तर २, चौकोन पडत असतील तर १, काही नसेल तर ०. मग आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दर्जा आणि उभ्या अक्षावर गुण मांडावेत. विजा चमकत असताना संच बंद ठेवावा आणि गच्चीवर कुणी जाऊ नये, हे आधीच बजावावे. आलेखाची रेघ बराच काळ सपाट जाईल आणि एका आकड्यापाशी सरळ खाली येईल. तो आकडा प्रत्येकाने आपल्या वहीत नोंदवून ठेवावा. पुढे कोरड्या दिवशीही दर्जा त्याच्या जवळ दिसू लागला, तर चित्र लख्ख असतानाच डिशची दिशा आणि जोड तपासून घ्यावेत.